पट्टीवरचा ठिपका

मी मुळातच भित्रा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. कोयनानगरच्या कॉलनीत वाढलेल्या पोराला भित्रा म्हणायचं की शहाणा, हा वेगळा प्रश्न. मोठा भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. त्या पहाटे आईनं दंडाला धरून मला अंगणात ढकललं, म्हणून आज मी हे लिहितोय. तेव्हापासून आमच्या घरात नियमच झाला: मांडणीवरची भांडी वाजली की बाहेर. चप्पल शोधायची नाही, काय झालं विचारायचं नाही. हादरा थांबला की वडील घड्याळ बघायचे आणि कॅलेंडरवर त्या तारखेखाली वेळ लिहायचे. ते धरण प्रकल्पाच्या वर्कशॉपात फिटर होते, नोंद केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

हा नियम अंगात मुरवून मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आलो. फिजिक्सची प्रयोगशाळा नेमकी वर्कशॉपला लागून. पहिल्याच महिन्यात तिकडं कुणीतरी लोखंडी पत्रा आपटला, आमच्या टेबलावरच्या काचा किणकिणल्या आणि मी स्टूल पाडून थेट मैदानात. मागं वळून बघतो तर माझ्यामागं कुणीच नाही. खिडक्यांतून सगळी बॅच हसत होती. पुढं वर्षभर पोरं मला बघितलं की टेबल हलवायची. मीही हसायचो, पण आतून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

फिजिक्सच्या सरांनी मात्र बाजूला घेऊन सांगितलं, "एरवी पळालास तर हरकत नाही. परीक्षेत दाराबाहेर गेलास तर परत आत घेता येणार नाही. वर्ष जाईल."

कॉलनीतून इंजिनिअरिंगला गेलेला मी पहिलाच. आई नळावर पाण्याला गेली की दोन घागरी भरेपर्यंत चार जणींना हे सांगून यायची. वर्ष गेलं असतं तर तिनं त्या नळावर जायचंच सोडलं असतं. म्हणून मी बसून राहायचा सराव केला. काहीही वाजलं की दोन्ही पाय स्टुलाच्या दांडीला अडकवायचे आणि वीस आकडे मोजायचे.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मला गॅल्व्हानोमीटर आला. विजेचा अगदी बारीक प्रवाह मोजायचं हे यंत्र. आत इवलासा आरसा टांगलेला असतो. त्याच्यावर दिव्याचा उजेड टाकला की समोरच्या पट्टीवर ठिपका पडतो, आणि प्रवाह सोडला की तो ठिपका सरकतो. मी जोडणी केली, ठिपका शून्यावर आणला आणि वही उघडली. प्रवाह सोडायची कळ अजून दाबलेली नव्हती.

ठिपका हलला. सावकाश डावीकडं गेला, परत आला, शून्य ओलांडून उजवीकडं गेला. रस्त्यानं ट्रक गेला की तो जागच्या जागी थरथरतो, हे मला वर्षभरात चांगलं ठाऊक झालं होतं. हे थरथरणं नव्हतं. मी घड्याळ बघितलं. अकरा वाजून वीस मिनिटं. मी कधी उठून उभा राहिलो, माझं मलाच कळलं नाही.

शेजारच्या टेबलावर माझा खोलीतला सोबती होता, नदीकाठच्या मळीच्या रानातला, उसाच्या गावचा. तो पुटपुटला, "काय झालं रं?"

"ठिपका हलला."

"ट्रक गेला आसंल. बस की गड्या खाली."

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं. "काय हवंय?"

सगळ्यांनी माना वर केल्या. दोघं-तिघं आधीच हसायला लागले होते. दार दहा पावलांवर होतं.

"काही नाही, सर," म्हणालो आणि बसलो.

इथं एवढं हललं तर तिथं काय झालं असेल? या वेळेला वडील कामावर, आई घरात एकटी. पाय दांडीला अडकवून मी आकडे मोजायला लागलो, वीसचे दोनशे झाले, मग कळ दाबली. आणि गंमत बघा, रीडिंग इतकी सुरेख आली की तशी वर्षभरात आली नव्हती. तोंडी परीक्षेत विचारलं, "या यंत्राचं शून्य कशानं ढळतं?"

"आसपासच्या हादऱ्यानं, सर."

"शाबास," ते म्हणाले.

सुटल्याबरोबर पोस्टात धावलो. ट्रंककॉल लागेना. तसाच स्टँडवर गेलो आणि मिळेल त्या एसटीनं कऱ्हाड, पाटण करत दिवेलागणीला घरी पोचलो.

आई अंगणात बाजेवर पडली होती. उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. बाहेर पळताना मांडणी तिच्या पायावर कोसळली होती. शेजारीण माहेरी गेलेली, त्यामुळं वडील येईपर्यंत आई तासभर तशीच अडकून पडली होती. मी तिथल्या तिथं निघालो असतो तरी त्या तासाभरात पोचलो नसतो. हा हिशेब मी आजवर कितीतरी वेळा केला आहे. त्याचा काही उपयोग होत नाही.

पाणी आणायला आत गेलो. कॅलेंडरवर आजच्या तारखेखाली वडिलांच्या अक्षरात लिहिलं होतं: ११.२०.

"परीक्षा झाली न्हवं?" आईनं विचारलं.

"झाली. चांगली गेली. म्हणून तर आलो."

"आन् तिकडं काय कळलं व्हतं का रं, हादरल्यालं?"

"न्हाई आई. कायच कळलं न्हाई."

तिनं डोळे मिटले. तिला एकदम हायसं वाटलेलं दिसलं. "बरं झालं. कळलं आसतं तर परीक्षा टाकून पळत आला आसतास. मी काय तुला वळखत न्हाई व्हय?"

मी तिच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "व्हय, आलो आसतो."