मास्तरांची माती आणि माझं नाक

मातीवर इतका विश्वास आणि स्वतःच्या नाकावर इतका अविश्वास असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मंगळवार पेठेत आमच्या शेजारी राहणारे हे मास्तर हायस्कुलात रसायन शिकवीत. तपकिरीने त्यांचं नाक कधीच निकामी झालं होतं, आणि नाद नेमका वासाचा. रॉकेल, स्पिरिट, टर्पेंटाइन, जे जे हवेत उडून जातं ते मातीत शिरलं की कुठे जातं, हा त्यांचा प्रश्न. घरातल्या निम्म्या बरण्यांत मुरूम आणि शेणखत मुरलेली काळी माती भरलेली असे. वहिनी मुरांबा वाढण्याआधी बरणी हुंगून बघत. कोरडा मुरूम वाफ पितो, पण पाणी शिंपडलं की सोडून देतो. खतावलेली माती मात्र भिजली तरी सोडत नाही, असं त्यांनी शोधून काढलं होतं. "कुजलेल्या पाल्यात, शेणात वाफ विरघळून बसते हो," ते सांगत. हे ठरवायला लागणारं नाक माझं. कचेरीतून आलो की चहाच्या आधी तीन बरण्या. माझ्या बहिणीला बघायला मंडळी आली होती, तेव्हाही "एकच मिनिट, पाव्हणे," म्हणत त्यांनी माझ्या नाकाशी बरणी धरली होती.

एकदा उचगावचे एक बागायतदार त्यांच्याकडे आले. मिरचीच्या लावणीआधी त्यांनी किडीसाठी जमिनीत औषध सोडलं होतं. त्याची वाफ कीड मारते, पण मातीत उरली तर रोपंही मारते. आता लावण करू का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. "खत भरपूर आहे, इतक्यात सोडायची नाही," असं म्हणत मास्तरांनी त्यांच्या वावरातल्या मातीची बरणी माझ्यापुढे केली. मला सर्दी झाली होती, आणि कुस्त्यांना जायला मित्र खाली सायकली धरून उभे होते. मी झाकण काढून हुंगल्यासारखं केलं.

"काही नाही. गेला वास."

"नक्की?"

"नक्की."

मास्तर जरा थबकले. मग त्यांनी लावणीला होकार दिला.

आठ-दहा दिवसांनी बागायतदार परत आले. "मास्तर, रोपं सगळी जळाली की. औषध गेलंय म्हणालासा न्हवं?"

"चूक माझी," मास्तर म्हणाले. "वास गेला म्हणजे औषध गेलं, असं मी धरून चाललो. माझा सगळा हिशेबच चुकला."

मी तिथेच बसलो होतो. बशीतला चहा मी संपवला. त्या आठवड्यात मास्तरांनी सगळ्या बरण्या धुऊन वहिनींना परत दिल्या, आणि पुन्हा कधी माझ्या नाकाची आठवण काढली नाही.

निवृत्त होऊन ते मुलाकडे राहायला निघाले, तेव्हा सामान बांधता बांधता मी एकदाचं सांगितलं. "मास्तर, त्या दिवशी मला सर्दी होती. मला कसलाच वास येत नव्हता."

त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे मातीत वास होताच तर. हिशेब चुकला नव्हता. मी म्हणत होतो तसंच." मग हातातल्या सुतळीकडे बघत हळूच विचारलं, "किती वर्षं झाली हो?"

"सहा."

ते पुन्हा गाठ मारायला लागले. गाठ आवळून म्हणाले, "उचगावला जाऊन त्यांना सांगा तेवढं. मास्तरला काही कळत नव्हतं, असं वाटत असेल त्यांना."

जातो म्हणालो. उचगाव काही लांब नाही, सायकलवर अर्धा तास. ते बागायतदार वारल्याचं कानावर आलं, तेव्हाही मी येत्या रविवारी जायचंच म्हणत होतो.