दारू सुटल्याची साक्ष

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पास्टरांना नाही, सख्ख्या भावालाही नाही. देवाला सांगितलं, पण त्याला सांगणं सोपं — तो चारचौघांत बोलून दाखवत नाही. तुम्ही दाखवाल. दाखवा.

नांदेडला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. चर्चच्या मंडळीत मात्र मी ओळखला जातो तो साक्षीसाठी. साक्ष म्हणजे आपण आधी काय होतो आणि प्रभूनं आपलं काय केलं, ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. मी बरी सांगतो. दुपारपासून पिणारा, बायकोला गुरासारखा मारणारा माणूस बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरला आणि वर आला तो दुसराच! बाया डोळे पुसतात. पुढच्याच सतरंजीवर माझी बायको रूथ बसलेली असते. तीही आमेन म्हणते.

दारूचं खरं आहे. बारा वर्षं झाली, थेंब नाही. पण — कसं सांगू? — दारू सुटली, तरी हात सुटायचा काही थांबला नाही.

पिऊन मारायचो तेव्हा सकाळी लाज तरी वाटायची. तिच्या पाया पडायचो, रडायचो. बाप्तिस्म्यानंतर तेही गेलं. शुद्धीत मारायचो, जागा बघून मारायचो — पाठीवर, दंडावर, जिथं पदर येतो तिथं. मग गुडघे टेकून देवाकडे क्षमा मागायचो आणि ती मिळाली असं धरून उठायचो. एकदा वरून क्षमा मिळाली, की तिच्याकडे मागायची गरजच काय उरते?

एवढंच असतं तर मी मेलो तरी बोललो नसतो. बोलतोय ते अर्धापूरच्या एका पोरीमुळे.

तिथं केळीच्या बागेतल्या एका घरी उपास-प्रार्थना होती. त्या घरची लेक नवऱ्याचा मार खाऊन लातूरहून माहेरी आली होती आणि परत जायला तयार नव्हती. नवरा म्हणत होता, बाप्तिस्मा घेतो, पाठवा तिला. माणूस बदलतो हे तिला डोळ्यांनी दिसावं, म्हणून पास्टरांनी आम्हा दोघांना मुद्दाम नेलं. त्या दिवशी माझी साक्ष फारच रंगली. सगळे रडले, ती पोरगी सोडून. ती उठली आणि मला ओलांडून सरळ रूथकडे गेली. शहाणी होती.

“काकू, खरंच हात थांबतो का वो?”

रूथनं माझ्याकडे पाहिलं. पोलक्याच्या बाहीखाली चार दिवसांपूर्वीचे वळ होते. मी एक शब्द बोललो असतो, तर पोरगी वाचत होती. मी नुसता रूथकडे बघत राहिलो — आणि माझ्या तसल्या बघण्याचा अर्थ तिला पाठ होता.

“हाव गं माय,” ती म्हणाली. “थांबतो.”

पोरगी लातूरला गेली. चार महिन्यांत परत आली, डाव्या कानाचा पडदा फाटून. त्या कानानं तिला आता ऐकू येत नाही. नवऱ्याचा विश्वास कच्चा होता, असं पास्टर म्हणाले. मी मान डोलावली.

हे कळलं त्या दिवशी भाकरी थापता थापता रूथ एवढंच बोलली, “देवानं तुमाला माफ केलं आसंल. मला कुनी इचारलं न्हाई.” तेव्हा मला त्या पोरीची कीव यायला हवी होती ना? मला राग आला, रूथचा. पुढं काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल.

साक्ष मी अजून देतो. गेल्या रविवारीही दिली. लोकांच्या डोळ्यांतलं ते पाणी मला सोडवत नाही. दारू बरी होती म्हणायची.

आणि एक दुरुस्ती. वर मी सगळीकडे ‘मारायचो’ असं लिहिलंय.

मारतो.