धनुर्वाताचा धडा

नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. साठ सालच्या सुमारास दवाखान्यामागच्या पत्र्याच्या खोलीत मी नर्सच्या वर्गाला रोगजंतू शिकवायची. मी पुण्याकडची, तोंडाने फटकळ. पोरी माझ्यापुढे शुद्ध बोलायच्या आणि माझी पाठ वळली की अहिराणीत माझ्या नकला करायच्या. मला ऐकू यायचं, पण नक्कल चांगली असायची म्हणून मी रागावत नसे.

सूक्ष्मदर्शक एकच होता, खिडकीतल्या उन्हावर चालणारा. ढग आला की जंतूंना सुट्टी. पहिल्या दिवशी प्रत्येकीला त्यात स्वतःच्या पापणीचे केस दिसत आणि ती "दिसलं, दिसलं" म्हणून टाळ्या पिटी.

रोगाला तोंड देणारी अंगातली शक्ती त्यांना समजावताना माझ्या नाकी नऊ यायचे. शेवटी मी शेताच्या राखणीचं उदाहरण घेतलं. चोर एकदा येऊन गेला की राखणदार त्याला ओळखून ठेवतो. देवीची लस म्हणजे राखणदाराला चोर आधीच दाखवून ठेवणं. आई आपल्यातली थोडी राखण पोटातल्या बाळालाही देते. हे मात्र पोरींना फार आवडलं.

त्या वर्गात जवळच्या कोरीट गावची एक मुलगी होती. शेतकरी घरातली, विशीची, नवऱ्याने टाकलेली. तिची आई गावात बाळंतपणं करायची. मुलगी हुशार होती आणि माझी लाडकी होती, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

धनुर्वात शिकवायला घेतला तेव्हा मी नेहमीसारखी तिखट बोलत होते. त्या भागात नाळ कापली की तिच्यावर गोवरीची राख दाबायची रीत होती. नाळ लवकर सुकते म्हणत. राख गोठ्याच्या कोपऱ्यात मडक्यात ठेवलेली असायची. मी म्हणाले, "चुलीतून निघते तेव्हा ती राख स्वच्छ असेल. पण गोठ्यात पडून राहिली की शेणामातीतले जंतू तिच्यात येतात, आणि तुम्ही ते बाळाच्या उघड्या जखमेत भरता. सहाव्या-सातव्या दिवशी बाळाचा जबडा मिटतो, अंग धनुष्यासारखं वाकतं. आणि तुम्ही म्हणता, सटवाईने लिहिलं होतं!"

पोरी हसल्या. ती हसली नाही. तिने विचारलं, "बाई, आई बाळाला राखण देते ना? मग या रोगाची का नाही देत?"

"आईच्याच अंगात या रोगाची राखण नसते. ती बाळाला कुठून देणार?"

ती खाली बसली. वर्ग सुटल्यावर माझ्याजवळ आली तेव्हा शुद्ध बोलणं पार गळून पडलं होतं. "मन्हा पोऱ्याले मन्ही मायनीच राख लावेल व्हती, बाई. सातवा दिनले त्यानी दूध सोडं. मंग गया."

मला तिच्या बाळाचं काहीच माहीत नव्हतं. मी तिला पोटाशी धरलं. सटवाईवर भार टाकून ती इतके दिवस तग धरून होती, आणि तो आधार मी भर वर्गात, हशा पिकवत, काढून घेतला होता.

घरी गेल्यावर तिने आईला एवढंच सांगितलं की राख लावायला आता सरकारची बंदी आहे. म्हातारी कुरकुरली, पण तिने ऐकलं.

दोनेक वर्षांनी गावोगावच्या सुईणींचा वर्ग माझ्याकडे आला, आणि त्यात तिची आईही. मुलगी तोवर आमच्याच दवाखान्यात नर्स झाली होती. आदल्या दिवशी तिने माझे हात धरले. "माय बसेल राही तवय तो धडा नका शिकाडू, बाई. ती मरी जाई."

धडा गाळला असता तर बाकीच्या सुईणी गावी जाऊन पुन्हा राखच दाबणार होत्या. तिलाही ते कळत होतं, म्हणून तिने हट्ट धरला नाही. मी शिकवलं, हळू आवाजात, सटवाईचं नाव न काढता.

वर्ग उठला, पण म्हातारी उठली नाही. "हाई दुखणं कितला दिनले उठस, बाई?"

"सहाव्या-सातव्या."

तिने बोटांवर दिवस मोजले. "हाई मन्ही पोरले शिकाडं का तुम्ही?"

मी म्हणाले, "नाही."

"मंग तिले नका सांगू. मन्हा हातनी गया तिना पोऱ्या. तिले वाटू द्या, सटवाईनीच लिखेल व्हतं."

मी कबूल केलं. डोळे पुसून, पदर सारखा करून म्हातारी बाहेर पडली. मुलगी अंगणाच्या पलीकडे वाट पाहत उभी होती. आई नळावर गेल्यावर ती माझ्याजवळ आली.

"मायले समजनं का, बाई?"

"नाही," मी म्हणाले.

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बरं व्हयनं," म्हणत ती आईसाठी चहा आणायला धावली.