मिटलेल्या डोळ्यांचे चित्रीकरण

थेरगावात मोबाइलच्या दुकानात मी फोनचे कव्हर घ्यायला गेलो होतो. माझ्याआधी कंपनीच्या गणवेशातील, पन्नाशीचे एक गृहस्थ उभे होते. नाव मी विचारले नाही. तसे विचारणे मला जमत नाही. ते चाकणकडचे आहेत, एवढे बोलण्यावरून कळले.

त्यांना सर्वांत फास्ट मेमरी कार्ड हवे होते.

"कार्डानं फोन पळत नाही, काका," दुकानदार हसला. "हँग व्हायचा तो होणारच. शूटिंग तेवढं मध्ये तुटणार नाही."

"फोन कशाला पळाया पायजे? पळणारा आमच्या गोठ्यात हाय!"

गेल्या जत्रेत त्यांचा बैल शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, सुटला आणि कार्ड स्लो असल्याचा संदेश येऊन चित्रीकरण थांबले. आता बैल थकला आहे. यंदाची बारी, म्हणजे धाव, त्याची शेवटची.

नवे कार्ड घालून ते दाराशी गेले. रस्त्याने जाणाऱ्या एका मोटारसायकलमागे त्यांनी फोन संथपणे फिरवला. तेव्हा त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते.

"काका, डोळे का मिटले?" दुकानदाराने विचारले.

"सवय हाय. बैल सुटला की मला बघवत न्हाई. पडला-बिडला तर? आवाजाच्या मागं हात फिरवायचा." ते ओशाळून हसले. "चार वर्सं पळतोय, पर त्याला पळताना मी अजून बघितला न्हाई. आता शूटिंगात तरी बघीन."

दुकानदाराने चित्रफीत लावून दाखवली. मोटारसायकल वळणापर्यंत अखंड दिसत होती. गृहस्थांनी ती शेवटपर्यंत पाहिली, फोन वरच्या खिशात ठेवला आणि खिशाचे बटण लावले.