येईल कुणीतरी

विद्यापीठाच्या ग्रंथालयात आज विक्रेत्याने नवी पुस्तकं पसंतीसाठी टेबलावर मांडली होती. वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी शेवाळांवरचा एक जाडजूड ग्रंथ उचलून ग्रंथपालांपुढे ठेवला.

“बाई, शेवाळांवर आपल्याकडे कुणीच काम करत नाही. वाचणार कोण?”

“येईल की कुणीतरी!”

त्याच टेबलावरची पुस्तकं चाळताना मला माझे संशोधनाचे दिवस आठवले. मिठागरांवरचा मला हवा असलेला ग्रंथ इथल्याच कपाटात सापडला होता, माझ्या जन्माआधी घेतलेला. उघडताना त्याची कोरी बांधणी करकरली. तोवर त्याला कुणी हातच लावला नव्हता. म्हणजे माझ्यासाठीही कुणीतरी याच टेबलापाशी असंच हटून बसलं असणार.

ग्रंथपाल अजून घुटमळत होते.

“घ्या हो साहेब,” मी म्हणालो, “वाचणारी कदाचित अजून जन्मायची असेल.”