तात्यांचे चुकलेले वेढे

ओतूरच्या एसटी स्टँडमागे तात्या हांड्यांचं दुकान होतं. अर्ध्या दुकानात जळालेल्या पाण्याच्या मोटारी, अर्ध्यात बंद पडलेले कॉम्प्युटर. तात्या मूळचे मोटारी भरणारे, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळणारे. पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकले. कोणी मशीन आणलं की ते आधी त्याला हातच लावत नसत. समोरच्या स्टुलाकडे बोट करून म्हणायचे, "बसा. काय केलं ते सांगा." आणि आपण सांगत असताना तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसायचे. आपण थाप मारली की त्यांचा आकडा चुकायचा. मग सगळी तार उलगडून ते पहिल्यापासून सुरुवात करायचे आणि आपल्याकडे असं बघायचे, की मेल्याहून मेल्यासारखं व्हावं.

"मला मोटारवाल्यांनी शिकवलं," ते सांगायचे. "तीस वर्सात एकबी मोटार मालकानं जाळली न्हाई. समद्या आपोआप जळाल्या."

मी पतसंस्थेत क्लार्क. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो, त्यामुळे पिंपळवंडीत आमच्या घरी आणि शेजारच्या चार घरांत या विषयातला जाणकार मीच. आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही होतं. मशीन सुरू केलं की यादी यायची, त्यातून हवं ते निवडायचं. मी विंडोज घ्यायचो. माझी बायको शैला लिनक्स घ्यायची, कारण तिचं मराठी टायपिंग तिथे नीट चालायचं.

एका रविवारी मला मेहुण्याच्या लग्नाचं ड्रोनचं शूटिंग साठवायचं होतं आणि जागा पुरेना. विंडोजमधून पाहिलं, तर डिस्कचा एक मोठा भाग बिननावाचा पडलेला. विंडोजला लिनक्सचं वाचता येत नाही म्हणून तो तसा दिसतो, हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला तो रिकामा वाटला. मी जाणकार असल्यामुळे कोणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. डिलीट केला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, तर काळा पडदा आणि इंग्रजीत दोन ओळी. ना विंडोज, ना लिनक्स.

त्या बिननावाच्या भागात शैलाचं तीन वर्षांचं काम होतं. शिनोलीच्या वर, भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरवाड्यांत ती आधी शिक्षिका होती. तिथल्या बायकांकडून ऐकलेल्या गोष्टी ती त्यांच्याच बोलीत लिहून काढत होती, तिथल्या मुलांना वाचता याव्यात म्हणून. गोष्टी सांगणाऱ्यांपैकी दोन म्हाताऱ्या आता हयात नव्हत्या.

शैला दोन दिवस घोडेगावला शाळेच्या ट्रेनिंगला गेली होती. मी सीपीयू गोणपाटात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन एसटीने ओतूर गाठलं.

तात्यांनी स्टूल दाखवलं. अपडेट आलं आणि आपोआप असं झालं, असं मी म्हणालो. एकशे बारावर त्यांचा आकडा चुकला. लाइट गेली होती, म्हणालो. पुन्हा चुकला. बहुतेक व्हायरस असावा, म्हणालो. तात्यांनी तार खाली ठेवली, मशीन जोडून पडद्यावरच्या दोन ओळी वाचल्या.

"ह्यो दारावरचा राखणदार हाय. कुणाला आत सोडायचं त्याची यादी मागच्या खोलीत ठिवल्याली. त्यो म्हनतोय, खोलीच गायब हाय. भाऊ, खोली आपोआप जात न्हाई."

मग मी सगळं सांगितलं. कान तापले होते. त्यांनी एकच विचारलं, पुसल्यावर त्या जागेत काही भरलं का? मी म्हणालो, मशीन परत सुरूच झालं नाही, तर भरणार कुठून?

"मग आशा हाय," ते म्हणाले. "आता ज्यांचं हाय त्यांना फोन लावा."

फोन नको म्हणून मी त्यांच्या हातापाया पडायचाच बाकी होतो. नुसतं विंडोज सुरू करून द्या, बाकीचं मी घरी बघतो, असंही म्हणून पाहिलं. तात्या म्हणाले, काम जमेल का नाही याची खात्री नाही, आणि धोका पत्करायचा का नाही ते बाईंनी ठरवायचं. नाहीतर मशीन परत न्यायला गोणपाट तिथंच पडलंय.

मी फोन लावला. झालं ते सांगितलं. शैला ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी येते. तोवर कुणी हात लावू नका."

ती आल्यावर तात्यांनी तिला स्टुलावर बसवून सगळं समजावलं. अपडेटची थाप खरी मानून त्यांनी नुसतं विंडोज चालू केलं असतं, तर मी त्या जागेत लग्नाचं शूटिंग भरलं असतं आणि गोष्टी कायमच्या गेल्या असत्या. हे ऐकताना शैलाने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने होकार दिला. मूळ डिस्कला धक्का न लावता तात्यांनी तिची अख्खी नक्कल काढली आणि नकलेवर काम केलं. गेलेली खोली शोधून जागेवर आणली, राखणदाराला पुन्हा दारात उभं केलं.

तिसऱ्या दिवशी यादी दिसली. शैलाने शेवटची गोष्ट उघडली, बिबट्या आणि खेकड्याची, अर्धीच लिहिलेली. तात्यांनी चष्मा कपाळावर सारून ती उभ्याने वाचली आणि विचारलं, "फुडं काय झालं?" शैलाने पुढची सगळी सांगितली, आणि तात्या तार हातात घेऊन वेढे मोजत ऐकायला बसले. त्या वेळी तात्यांचे वेढे चुकले, पण त्यांनी कोणाला दोष दिला नाही.

तात्या मागच्या वर्षी गेले. दशक्रियेला घाटावर पुढाऱ्यांची लांबलचक भाषणं झाली. तात्यांच्या हाताला यश होतं, असं सगळे म्हणाले. माइक माझ्यापर्यंत आलाच नाही. आला असता, तर मी दुकानातून आम्ही निघालो तेव्हाचं सांगितलं असतं.

सीपीयू गोणपाटात बांधता बांधता तात्यांनी शैलाला विचारलं, "बाई, मशीनलाच पासवर्ड टाकून दिऊ का? म्हंजी तुमाला इचारल्याबिगर ह्यांचा हात पोचनार न्हाई."

हे त्यांनी माझ्यादेखत विचारलं. मी चपलांकडे बघत राहिलो. ती टाका म्हणाली असती, तर ते रास्तच होतं.

"नको," शैला म्हणाली. "आता सांगायला शिकलेत ते."