इनासचे डोळे आणि मुशीवाली मावशी

मुशीवाली मावशी येण्याआधी तिचा वास यायचा. मुशी माशांची काळजे मंद आचेवर ठेवून ती तेल काढी, आणि आमच्या उत्तन गावात ज्या घरातले पोर दिवेलागणीनंतर चाचपडू लागे त्या घरी स्वतः बाटली पोचवी. रातांधळी पोरे त्या तेलाने बरी होत. मी त्यांतलाच एक. "गिल. तोंडाला घाण, डोल्याला सोना," म्हणत ती आमचे नाक दाबी.

म्हणून तिच्या लेकाला, इनासला, लांबचे दिसत नाही हे कळले, तेव्हा ती घाबरली नाही. होड्या परतताना आम्ही मुले शिडावरून होडी कोणाची ते ओळखत असू. इनासला शीडच दिसत नसे. "तुझा बापूस मुंबैला उतरला वाटतं," असे पोरे चिडवत. मावशीने तेल दुप्पट केले. समुद्रात जाळ्याची जागा दाखवणारे बावटे न दिसणाऱ्याला होडीत घेणार नाही, असे त्याच्या बापाने बजावले होते.

वर्षभरात फरक पडेना, तेव्हा ती त्याला मुंबईच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. लिहितावाचता येते म्हणून मलाही नेले. डॉक्टरने डोळ्याचा नमुना उघडून भिंग आणि मागचा पडदा दाखवला. इनासचा डोळा लांबट वाढला होता, त्यामुळे दूरचे चित्र पडद्याच्या अलीकडेच पडत होते. नंबर उणे तीन. वाढत्या वयात तोही वाढणार. मावशीने नमुन्यातले भिंग चिमटीत धरले. माशांची डोकी साफ करताना डोळ्यातून निघणारी तशी गोटी तिच्या ओळखीची होती.

"गोटी तर चांगली हाय. तेल किती वाढवू?"

"तेलाने डोळा आखूड होत नाही, बाई. चष्मा लावा."

चष्मा लावून इनास होडीत गेला. खाऱ्या तुषारांनी काचा धुरकटत आणि पुसायला कोरडे फडके नसे. एक चष्मा पाण्यात गेला. उणे साडेचारचा दुसराही गेला. पुढे महायुद्ध लागले आणि काचा मिळेनात. बापाने त्याची जागा पुतण्याला दिली.

शेवटी इनास मुंबईला एका शिंप्याकडे कामाला निघाला. मी मावशीबरोबर दारात उभा होतो. क्रुसाजवळच्या वळणावर तो थांबला, मागे वळला, आणि शेजारच्या ओट्यावर मासळी वाळत घालणाऱ्या बाईकडे पाहून हात हलवू लागला. तिचेही लुगडे लालच होते.

मी हाक मारणार, तोच मावशीने माझा दंड धरला.

"नको. मी दिसली असं वाटतंय त्याला. जाऊ दे."